समुद्रात युरेनियम आहे, पोलोनियमही आहे. मग मासे खायचे की नाही?

जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुऊर्जा प्रकल्पाच्या टाक्यांमधलं प्रक्रिया केलेलं पाणी टप्प्याटप्प्याने पॅसिफिक महासागरात सोडायला सुरुवात केली. चीनने लगोलग जपानी मासळीवर बंदी घातली. आणि आंबा घाट चढून सांगलीत येणाऱ्या सुरमईबद्दल इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपदेश सुरू झाले: समुद्र किरणोत्सारी झालाय, मासे बंद करा. पाण्याची पुढची खेप सोडल्याची बातमी आली की तोच मजकूर पुन्हा फिरतो.

समुद्र किरणोत्सारी आहे हे खरंच आहे. माणूस नव्हता तेव्हाही तो तसाच होता. पण एवढ्यावरून ना घाबरता येतं, ना निश्चिंत होता येतं. समुद्रात नैसर्गिक किरणोत्सारी मूलद्रव्यं बरीच आहेत आणि प्रत्येकाचं घर वेगळं आहे. एक सगळ्या समुद्रभर सारखं पसरलेलं, एक तळाच्या गाळात, एक किनाऱ्यालगत, तर एक माशाच्या आतड्यात. कोण कुठे बसलंय हे कळलं की भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही, हे बरंचसं आपोआप सुटतं.

किरणोत्सारी म्हणजे काय, आणि किती?

काही अणू मुळातच अस्थिर असतात. ते कधीतरी फुटतात, किरण बाहेर टाकतात आणि दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू होतात. एका सेकंदात एक अणू फुटला तर तो एक बेकरेल. निम्मे अणू फुटायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. लेखभर पुरतील एवढे हे दोन शब्द.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सेकंदाला साधारण बारा अणू फुटतात. त्यातले जवळजवळ सगळे पोटॅशियम-४० चे. पोटॅशियम म्हटलं की द्राक्षबागायतदाराला वेगळं सांगायला नको. घडात साखर भरायच्या वेळी आपण जे ०-०-५० सोडतो, तेच ते. निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियममध्ये दहा हजारात एखादा अणू या अस्थिर जातीचा असतो. त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वी तयार होताना जे आलं त्यातलं अजून संपलेलं नाही. एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सुमारे ३१ बेकरेल, आणि लिटरभर समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम असतं ०.४ ग्रॅम. गुणाकार करून पाहा, बारा येतात.

याच हिशेबाने म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात साडेसात लाखांच्या वर बेकरेल भरतात. तासगावच्या किलोभर बेदाण्यात दोनशेच्या वर. आणि साठ किलोच्या माणसाच्या अंगात चार हजारांच्या आसपास. बेदाणे जास्त खाल्ले म्हणून हा शेवटचा आकडा वाढत नाही, कारण शरीर जादाचं पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतं.

आकड्यांनी दचकायचं तर आधी गोदामातल्या खताला दचकावं लागेल.

सगळीकडे सारखं का नाही?

कराड-शिराळ्याकडचं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट अर्क ओततो. रसातला बारीकसारीक गाळ त्या चिकट द्रवाला धरतो, मळी होऊन वर येतो आणि काढून टाकला जातो. साखर मात्र जिथल्या तिथे. ती रसात पुरती विरघळलेली असते, कशालाच चिकटत नाही, त्यामुळे काहिलीच्या या कडेचा रस घ्या की त्या कडेचा, गोडी तीच.

समुद्रात युरेनियम साखरेसारखं वागतं आणि थोरियम त्या गाळासारखं. फरक एवढाच की समुद्रातली मळी वर न येता खाली बसते.

युरेनियमची समुद्राच्या पाण्यातल्या कार्बोनेटशी जोडी जमते आणि ते पक्कं विरघळून राहतं. समुद्रात आलेला युरेनियमचा अणू सरासरी चारेक लाख वर्षं पाण्यातच असतो. सगळे महासागर एकदा ढवळून निघायला हजार-दीड हजार वर्षं लागतात. म्हणजे तो अणू बाहेर पडेपर्यंत समुद्र शेकडो वेळा ढवळला जातो. मग मुंबईपुढचं पाणी घ्या नाहीतर अंटार्क्टिकाजवळचं, लिटरला ३.३ मायक्रोग्रॅमच्या आसपासच युरेनियम मिळणार. जो थोडा फरक पडतो तो खारटपणाच्या प्रमाणात. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी जास्त खारट आणि युरेनियम किंचित जास्त. बंगालच्या उपसागरात मोठमोठ्या नद्यांचं गोडं पाणी येऊन पडतं, तिथे वरच्या थरात ते थोडं कमी. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. समुद्राचं पाणी त्या मर्यादेच्या नवव्या हिश्शावर आहे. ते पिता येत नाही ते मिठामुळे.

सगळ्या समुद्राचं मिळून हे युरेनियम ४५० कोटी टनांच्या घरात जातं. हा आकडा ऐकला की 'मग काढत का नाही?' असा प्रश्न येतोच. एक किलो मिळवायला तीन लाख टन पाणी गाळावं लागेल, आणि तेही त्यातला एकूण एक अणू हाती लागला तर. जपानने यावर बरीच वर्षं प्रयोग केले. युरेनियम निघतं, पण खाणीतल्यापेक्षा फार महाग पडतं.

थोरियमची कथा उलटी. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम भरपूर. तिला लाटा रात्रंदिवस धुतात, तरी पाण्यात थोरियम जवळपास उतरत नाही. जे काही पाण्यात असतं ते मातीच्या कणाला, मेलेल्या शेवाळाला, सूक्ष्मजीवांच्या विष्ठेला चिकटतं आणि त्यांच्यासोबत तळाला जातं.

थोरियमची तूट आणि तिचा उपयोग

इथे जरा थांबू, कारण मला या सगळ्यात हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

युरेनियम-२३८ फुटलं की थोरियम-२३४ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य २४ दिवस. युरेनियम समुद्रात सगळीकडे सारखं असल्यामुळे हे थोरियमही सगळीकडे सारख्याच वेगाने तयार होत असतं. त्याला कोणी हात लावला नाही, तर काही महिन्यांत जितकं तयार होतं तितकंच फुटतं आणि दोघांचे बेकरेल बरोबरीला येतात. मधल्या खोल पाण्यात मोजलं तर तशी बरोबरी सापडतेही. वरच्या शंभरेक मीटरमध्ये मात्र थोरियम कमी भरतं.

गेलं कुठे? वरच्या थरात ऊन पोचतं, तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांना खाणारे जीव असतात. त्यांचे मेलेले अवशेष आणि विष्ठा यांचा बारीक भुगा सतत खाली पडत असतो. थोरियम त्या भुग्यावर बसून गेलेलं असतं. तेव्हा किती थोरियम कमी आहे हे मोजलं की गेल्या काही आठवड्यांत किती भुगा खाली गेला ते कळतं, आणि भुग्यातल्या कार्बनचं प्रमाण माहीत असलं की समुद्राने वरचा किती कार्बन खोल पाण्यात नेला तेही. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

या कामाच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांपैकी एक मुंबईतला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या भट, कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, रामा आणि विलार्ड मूर यांनी तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये अरबी समुद्रात जहाजांवरून वर्षभर मोजण्या झाल्या. तेव्हा दिसलं की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या उत्तरार्धात थोरियमची तूट आणि खाली जाणारा कार्बन, दोन्ही वाढतात. जून-जुलैतला वारा पाणी ढवळून खालची पोषकद्रव्यं वर आणतो, त्यावर शेवाळ माजतं आणि मग ते मरून खाली बसतं. आपल्याकडे महाबळेश्वरला जो वारा पाऊस आणून ओततो, त्याचंच हे समुद्राच्या पोटातलं काम.

आपल्या नद्या यात काय घालतात?

समुद्रातलं युरेनियम मुख्यतः नद्यांनी नेलेलं आहे. खडक झिजतो, पाण्यात विरघळतो, वाहत जातो. सातारा-सांगलीचा काळा पाषाण या बाबतीत गरीब. बेसॉल्टमध्ये युरेनियम आणि थोरियम दोन्ही ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी असतं. कृष्णा पुढे रायचूरकडे ग्रॅनाइटच्या मुलखात शिरते, तिथे खडक बदलतो.

आपल्या सातारा-सांगलीकडचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. महाबळेश्वरची कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचं बरंचसं पाणी मात्र बोगद्यांतून सह्याद्रीपार पोफळीला उतरतं आणि वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. विरघळलेलं युरेनियम धरणाला दाद देत नाही. थोरियम गाळाला चिकटलेलं असतं, ते गाळासोबत मागे राहतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून सांगलीत दर पावसाळ्यात जी चर्चा झडते ती पाण्याच्या फुगवट्याची, पण धरणं गाळ अडवतात आणि गाळासोबत थोरियमही, हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक.

रेडियम या दोघांच्या मधलं. गोड्या पाण्यात ते चिकणमातीच्या कणांना धरून बसतं. तीच माती खाऱ्या पाण्यात पोचली की मिठातले घटक त्याची जागा घेतात आणि रेडियम सुटून पाण्यात येतं. म्हणून नदीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगत रेडियम जास्त सापडतं. त्यातही रेडियम-२२८ चं अर्धायुष्य पावणेसहा वर्षांचं. किनाऱ्यापासून दूर जाता जाता ते घटत जातं, त्यामुळे हे पाणी किनारा सोडून किती काळ झाला त्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. बंगालच्या उपसागरात याचं प्रमाण मुद्दाम नजरेत भरण्याइतकं आहे. वर ज्यांचं नाव आलं त्या मूर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी नदीला पाणी अगदी कमी असतानाही रेडियम भरपूर होतं. नदीने आणलं नाही, तर मग कोणी आणलं? त्यांचं उत्तर होतं, भूजलाने. किनाऱ्याखालच्या वाळू-गाळातून खारवलेलं भूजल समुद्रात झिरपत असतं. डोळ्यांना न दिसणारा तो प्रवाह रेडियमने उघड केला.

दुसरं रेडियम, म्हणजे रेडियम-२२६, सोळाशे वर्षं अर्धायुष्याचं. ते तळाच्या गाळात बसलेल्या थोरियमपासून तयार होतं आणि खालून वर झिरपतं. म्हणून ते वर कमी, खोलवर जास्त, आणि सर्वांत जास्त उत्तर पॅसिफिकच्या तळाशी. तिथलं पाणी पृष्ठभागाची हवा सोडून सर्वांत जास्त काळ झालेलं, त्यामुळे ते साठायला वेळही सर्वांत जास्त मिळालेला.

आभाळातून येणारं

रेडियम फुटून रेडॉन वायू होतो. समुद्राच्या वरच्या थरातला रेडॉन हवेत निसटतो. पण हवेतला बहुतेक रेडॉन जमिनीतून आलेला असतो, आपल्या शिवारातूनही. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. हिवाळ्यात वारा जमिनीकडून अरबी समुद्राकडे वाहतो, तेव्हा हा रेडॉन वाटेतच फुटत फुटत शिसं-२१० होतो आणि धुळीसोबत किंवा पावसासोबत पाण्यात पडतो. या शिशाचं अर्धायुष्य २२ वर्षं, आणि त्यापासून पुढे तयार होतं पोलोनियम-२१०, अर्धायुष्य १३८ दिवसांचं.

पोलोनियमचा स्वभाव आणखी निराळा. ते नुसतं कणांना चिकटत नाही, जीवांच्या पेशीत, प्रथिनांत शिरतं. शेवाळाकडून कोळंबीसारख्या जीवांत आणि त्यांच्याकडून माशांत. पाण्यात अगदी नगण्य असलेली गोष्ट जीवाच्या अंगात हजारो पटींनी गोळा होते. त्यातही जास्त भरणा पोटातल्या अवयवांत, आतड्यात, यकृतात. मांसात कमी.

नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोकच ना?

नाही. आणि 'घाबरू नका' असं सांगणारे बरेच लेख इथेच घसरतात. समुद्रात एवढं पोटॅशियम-४० आहे, त्यापुढे बाकीचं काय, असं म्हणून ते मोकळे होतात. एक बेकरेल म्हणजे एक अणू फुटला एवढंच. कशाचा फुटला, किती जोराने फुटला, अंगात किती दिवस राहिला, हे त्यात येत नाही. पोटात गेलेलं एक बेकरेल पोलोनियम-२१० हे एक बेकरेल पोटॅशियम-४० च्या सुमारे दोनशे पट परिणाम करतं. उलट ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, त्याचं एक बेकरेल पोटॅशियमच्या तीनशेव्या हिश्शाहूनही कमी.

माशाचाच हिशेब करू. किलोभर माशात पोटॅशियम-४० चे शंभरावर बेकरेल असतात. समजा पोलोनियमचे दोनच आहेत. तरी ते दोन भारी पडतात, कारण त्यांची किंमत पोटॅशियमच्या चारशेंइतकी. मासेखाऊ जपानमध्ये अन्नातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गात सर्वांत मोठा वाटा याच पोलोनियमचा आहे.

मग मासे?

खा. वरचंच दोन बेकरेलचं गृहीत धरून वर्षाला वीस किलो मासे खाल्ले, तर पोलोनियममुळे ०.०५ मिलीसिव्हर्टच्या आसपास भर पडते. मिलीसिव्हर्ट हे शरीरावरच्या परिणामाचं माप. जगातल्या सरासरी माणसाला माती, हवा, आकाश आणि अन्न मिळून निसर्गाकडून वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच. त्यापुढे हे पन्नासाव्या भागाइतकं. देशावरच्या घरात वर्षाला वीस किलो मासे सहसा होत नाहीत. आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील यावरच पुष्कळांचं भागतं.

सुकटीबद्दल एक शंका रास्त आहे. जवळा आपण आतड्यासकट खातो, आणि उन्हात पाणी उडालं तरी पोलोनियम उडत नाही. खरंय. पण सुकटीत नवं पोलोनियम फारसं तयार होत नाही, आणि आहे ते १३८ दिवसांत निम्मं होतं. दिवाळीत वाळवलेला माल मे महिन्यात खाल्ला तर त्यातलं निम्म्याहून जास्त गेलेलं असतं. शिवाय एका वेळी आपण घेतो मूठभर.

मासा साफ करताना पोटातला भाग काढून टाकायची रीत आहेच. तिने या हिशेबातही फायदाच होतो.

मग फुकुशिमावरून एवढा गदारोळ कशाला?

कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. टाक्यांतल्या पाण्यातून बहुतेक किरणोत्सारी घटक गाळून काढतात. उरतं मुख्यतः ट्रिटियम, जे पाण्याच्याच रेणूत बसलेलं असल्याने गाळता येत नाही. सोडताना ते पातळ करून लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली आणतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची सूचना १०,००० ची आहे. वर्षाला जास्तीत जास्त २२ टेराबेकरेल सोडायचं असं बंधन आहे. एक टेरा म्हणजे एक लाख कोटी. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात दरवर्षी आपोआप तयार होणारं ट्रिटियम ५० ते ७० हजार टेराबेकरेल आहे. ट्रिटियम युरेनियमच्या पंगतीतलं, पाण्यासोबत पसरून जाणारं. जपानच्या किनाऱ्यावरून येऊन ते रत्नागिरीच्या सुरमईत साठेल अशी वाट त्याला नाही.

२०११ च्या अपघातात बाहेर पडलेलं सीझियम-१३७ मात्र निराळं. पाण्यात ते विरघळतं, पण मातीच्या कणांनाही धरतं, तळाच्या गाळात राहतं, आणि त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं. मे २०२३ मध्ये, म्हणजे पाणी सोडण्याआधीच, त्या प्रकल्पाच्या बंदिस्त बंदरात पकडलेल्या एका माशात किलोला १८,००० बेकरेल सीझियम निघालं. जपानची खाद्यपदार्थांसाठीची मर्यादा १०० आहे. तो मासा विक्रीसाठी नव्हता, आणि बंदरातले मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून तिथे जाळी लावलेली आहेत. हा आकडा टाक्यांच्या पाण्याच्या नावावर खपवणं चूक. पण ट्रिटियम निरुपद्रवी म्हणून तो सांगायचाच नाही, हेही तितकंच चूक. दोघांची घरं वेगळी, म्हणून तिथे ट्रिटियम मुख्यतः पाण्याच्या नमुन्यात शोधतात, आणि सीझियमसाठी पाण्याबरोबरच तळाचा गाळ आणि तळाशी राहणारे मासेही तपासतात.